मागे राहिलेलं अंडं

मंडळी, आज सकाळी आमची कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात उतरली आणि टोपलीत एक अंडं मागे सोडून गेली. त्याला चीर गेली होती, आत टकटक चालू होती. पण आमच्या रनाळे गावच्या कोरड्या वाऱ्यात आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटला होता.

मी नखाने टरफल सोलणार, तोच बायको ओरडली, "हात नका लावा! रगत निघी."

तिने कोमट ओल्या फडक्यात अंडं गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. वाट तरी किती पाहायची, म्हटलं.

"लगीनमा तुमनी वाट दखीच ना मी?"

आमच्या वऱ्हाडाच्या बैलगाडीचं चाक वाटेत मोडून मी मांडवात उशिरा पोचलो होतो, हे ती विसरत नाही.

दुपारी पिल्लू बाहेर आलं. कोंबडीने उशिराचं कारण न विचारता त्याला पंखाखाली घेतलं. मला मात्र ते अजून विचारलं जातं. तुमच्याकडे कसं?