पोत्याचं तोंड सोडणारी इरम्मा

निजामाच्या अमलाची ती अखेरची वर्षं. आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम मुरुमला होता आणि मी राणीची कामं करायचो. माझ्या शालूंच्या पेट्या शरणबसप्पा सावकारांच्या अडतीत, धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवलेल्या. उंदरांपासून त्या राखायची इरम्माची पाच मांजरं. इरम्मा तिथं धान्य पाखडायची. काटक बाई, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा!

एका सकाळी तिनं हाक मारली, "राणीसरकार, हिकडं या. पांढरीला बघा."

पांढरी पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसली होती. तहान होती, पण जीभ पाण्याला लागत नव्हती. शेजारी पिवळा फेस ओकलेला. दुपारी ती गेली. दुसऱ्या दिवशी बोका आणि तांबडी तशीच वाडग्यावर.

"माहेरी बघितलंय म्या," इरम्मा म्हणाली. "एकाचं दुसऱ्याला लागतं ह्ये."

तेवढ्यात सावकार हमालाला घेऊन आले. मांजर मारणं पाप, म्हणून गावची रीत अशी की आजारी मांजरं पोत्यात भरायची आणि शेजारच्या गावच्या शिवेत सोडायची. दोन्ही आजारी पोत्यात गेली. हमाल उरलेल्या दोघींमागं धावला, तशी इरम्मा आडवी आली.

"धडधाकट मांजरंबी त्याच पोत्यात? मंजी तीबी मेली! आन् पलीकडच्या गावात मांजरं न्हाईत व्हय?"

"मारत न्हाय गं, सोडतो नुसतं."

"मरण सोडताय तुमी. कामावरून काढायचं तर काढा."

तिनं पोत्याचं तोंड सोडलं. सावकार हमालाला घेऊन निघून गेले.

आजारी दोघं मागच्या कडब्याच्या खोपीत गेली, धडधाकट दोघी माझ्या तंबूत. पोतं तिनं जाळलं, वाडगाही फोडला. कापसाच्या बोळ्यानं ती पेज पाजायची आणि तंबूकडं फिरकायची नाही. मला मात्र राहवलं नाही. खोपीत शिरून मी तांबडीला कुरवाळलं.

"भाईर व्हा!" ती गरजली. "हात घासा, कापडं बदला. शालू असला तरी जाळीन!"

बोका गेला. चौथ्या दिवशी "नीरु कुडी, नीरु कुडी" अशी ती कानडीत तांबडीला पाणी पिण्यासाठी विनवत होती, आणि तांबडीची जीभ हलली.

महिन्यानं सावकार टोपलीत दोन पिल्लं घेऊन आले. "घे. राग गेला का आता?"

"गोड हायत. परत न्या. रोग अजून ह्या भुईत हाय. पुढच्या सुगीपस्तोर नवं पिल्लू आत येणार न्हाय."

"अडत माझी हाय, इरम्मा."

"मांजरं माझी हायत, सावकार."

सावकारांनी टोपली उचलली. मी पेटीवर उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि तांबडीला उचलायला वाकलो.

"राणीसरकार," मागून आवाज आला, "हात धुतले का?"