बाज गेली तेव्हा सोंगाड्या काय म्हणाला?

विनोदी तबकडी ऐकून हसणारा माणूस आमच्या घरात गुन्हेगार ठरतो. तो गुन्हेगार मी. गेला महिनाभर नुसतं लोणचं मागितलं तरी ही माझ्याकडे असं बघते, की जणू मी दरोडा टाकून जेवायला बसलोय!

मला जुन्या बतावण्यांच्या तबकड्या जमवायचा नाद आहे. बतावणी म्हणजे तमाशातली सोंगाड्याची आणि पाटलाची जुगलबंदी. तबकडी चावीच्या फोनोवर लावायची, कर्ण्यासमोर मोबाइल धरायचा, की आवाज कायमचा जतन. (डिजिटायझेशन म्हणतात ते हेच. निदान आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात तरी.) अशा चाळीसेक झाल्या, पण एकीतही नुसता सोंगाड्या ऐकू येईल तर शपथ! सावकार व्याज सांगतोय आणि मागून हिची हाक, दूध उतू चाललं म्हणून.

माझ्या वडिलांना, आप्पांना, मात्र एकच तबकडी हवी होती. दहा वर्षांचे असताना बाजाराच्या दिवशी एका हॉटेलात त्यांनी तिची पहिली बाजू ऐकली होती. पाटील सोंगाड्याला खळ्यावर राखणीला ठेवतो. सकाळी बघतो तर ज्वारीची रास जागच्या जागी, पण सोंगाड्या ज्या बाजेवर झोपला होता ती बाजच चोरांनी नेलेली. हा खाली जमिनीवर घोरतोय, अंगावर व्यवस्थित पांघरूण! पाटील विचारतो, "आरं, अंगाखालची बाज गेली अन् तुला कळलं कसं न्हाई?" सोंगाड्या म्हणतो, "पाटील, त्याचं असं झालं..."

आणि बाजू संपते. हॉटेलवाल्यानं तबकडी उलटण्याआधी फुकट्या पोरांना हाकलून दिलं. तेव्हापासून सत्तर वर्षं आप्पा त्या उत्तरावाचून आहेत. हळद काढताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडं असताना त्यांनी मला विचारलं आहे, सोंगाड्या काय म्हणला असंल रे?

ती तबकडी मला हिंगोलीत मोंढ्यामागच्या भंगारवाल्याकडे मिळाली. मधोमध तडा. "एक बार वाजंल," तो म्हणाला, "दुसऱ्या बारीचं माझ्याकडं काई न्हाई." त्यातून आप्पांना कर्ण्यातलं ऐकू येत नाही, मोबाइलचे हेडफोन कानात घातले तरच येतं. म्हणजे आधी मोबाइलमध्ये भरायचं, मग त्यांना ऐकवायचं. संधी एकच!

मी कंबर कसली. कुकर बंद, पंखा बंद. हिला बांगड्यांसकट हलायची मनाई केली. शेजारी किसनभाऊचा हळद पॉलिश करायचा ढोल दिवसभर खडखडत असतो. तीन मिनिटं बंद ठेवा म्हटलं, तर त्यांनी टोपी काढून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

पहिली बाजू सुखरूप भरली. मी तबकडी उलटली. समोर आप्पा, हेडफोन आधीच कानात, दुसरं टोक कशालाच न जोडलेलं. सोंगाड्या उत्तर टाळू लागला. आधी वाऱ्याची गोष्ट, मग स्वप्नाची, मग मेलेल्या आत्याची. पाटील शेवटी कडाडला, "आता शेवटचं विचारतो!" सोंगाड्या थांबला. आणि खाकरला.

ते खाकरणं! मी हसलो. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मांडीवर मारायची थाप टेबलावर बसली, सुई घसरली आणि तबकडीचे सरळ दोन तुकडे झाले. उत्तर मोबाइलला ऐकू आलं नाही. मलाही नाही!

आता मी विचारतो, चूक कोणाची? खाकरला कोण, मी की तो? विनोदाच्या आधीच माणसाला हसवायचं, हा कुठला न्याय! मी हेच हिला तावातावानं विचारलं. ती शांतपणे कुकर लावत म्हणाली, "चाळीस तबकड्यांत माहं निस्तं दूध उतू गेलं. तुमी तर पातेलंच फोडलं."

आप्पांनी हेडफोन मोबाइलला जोडायला लावून भरलेलं सगळं नीट ऐकलं. खाकरणं, मी, मग खर्रर्र. त्यांनी हेडफोन काढून घडी घालून माझ्या हातात दिले. "त्या वक्ताला हॉटेलवाल्यानं हाकललं," ते म्हणाले. "पर त्यो परका तरी व्हता."

ते वाक्य मला झोपू देईना. दुसरी प्रत मिळेपर्यंत दम घ्यायचा नाही, असं ठरवलं. डोंगरकडा नावाच्या गावी तबकड्यांचे एक मोठे दर्दी आहेत असं कळलं. ओळख ना पाळख, तरी तबकडीची ओळख पटावी म्हणून मी त्यांना ती दुसरी बाजू मोबाइलवर पाठवली आणि ही तबकडी आहे का, असं विचारलं.

तासाभरात उत्तर आलं. तबकडी त्यांच्यापाशी नव्हती, कधी ऐकलीही नव्हती. पण बतावणी त्यांना फार आवडली होती. खाली लिहिलं होतं, "शेवटाला जनावराचा आवाज काय झकास काढला हो त्या कलाकारानं. गाढवच हाय ना?"

मला संताप आला. चांगलं चार ओळींचं खरमरीत उत्तर लिहून काढलं. मग सगळं पुसलं, ती बाजू पुन्हा एकदा ऐकली, आणि लिहिलं, "व्हय, बराबर वळखलं."