भागीदारीतलं मरणाचं कलम

नारळ फोडला की धंदा सुरू झाला, असं आमच्या काळाचौकीत मानतात. मी आणि समोरच्या खोलीतली वहिनी, आम्हीही तेच केलं. देवापुढे नारळ फोडला, अर्धा तुझा, अर्धा माझा असं तोंडी ठरवलं आणि घावणे, उसळ, कोंबडी-वडे विकायला लागलो. वहिनीची सून तळणाला होती. काम उत्तम चालत होतं.

मग परळच्या एका कंपनीने रोजचा नाश्ता द्याल का, असं विचारलं. अट एकच होती. करार फर्मशी होणार, आणि फर्मचं बँकेत खातं हवं. भागीदारीचा लेखी करार नसेल तर ना फर्मचं पॅनकार्ड निघत, ना चालू खातं उघडत. मला कामाची यादी मिळाली की बरं वाटतं. दोघींची ओळखपत्रं, फोटो, जागेचा पुरावा, अन्न परवाना असं सगळं वेगवेगळ्या पाकिटांत भरलं आणि वहिनीला घेऊन गिरगावातल्या एका वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी भराभर प्रश्न विचारले. फर्मचं नाव काय? चेकवर सही कोणाची? एकीला सोडून जायचं असेल तर किती आधी सांगायचं? भांडण झालं तर कोणापुढे जायचं? वहिनी प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत होती.

"आणि दोघींपैकी एकीचा मृत्यू झाला तर?"

वहिनी खुर्चीतून उठलीच. "अगो बाय! शुभ कामात मरणाची भाषा कित्याक?"

"मावशी, विचारावं लागतं."

"नारळ फुटलो, देवान ऐकला. आणखी काय व्हया?"

"बँक देवाला विचारत नाही हो," वकीलबाई म्हणाल्या. मी हसले. वहिनी हसली नाही. पिशवी उचलून जिना उतरून गेली.

मी बसस्टॉपवर तिला गाठलं. कंपनी थांबणार नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "नाय थांबली तर जांवदे," ती म्हणाली. बस आली, गेली. ती चढली नाही. मग रस्त्याकडे बघत बोलू लागली.

तिच्या नवऱ्याची मित्राबरोबर खाणावळ होती, एवढंच मला माहीत होतं. "ह्ये गेले आणि तेराव्याआधी खाणावळ बंद. मित्र वायट नव्हतो, फसवल्यान नाय. पण परवानो ह्येंच्या नावार, खाता ह्येंच्या नावार. रोज जेवणारी माणसा येवन बंद दार बघून परत जायत. मी खिडकीतसून बघी." मग म्हणाली, "म्हणान माका ता आयकाकच नको."

"तेव्हा त्यांना हाच प्रश्न कोणी विचारला असता तर?" मी म्हटलं.

ती वळली आणि माझ्या पुढे होऊन वकीलबाईंचा जिना चढली.

वकीलबाईंनी काही न विचारता कराराच्या नमुन्यातलं कलम काढलं आणि सावकाश वाचलं. "कोणत्याही भागीदाराच्या मृत्यूमुळे ही भागीदारी संपुष्टात येणार नाही. उरलेले भागीदार व्यवसाय पुढे चालू ठेवतील."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"म्हणजे मी मेलंय तरी चूल पेटतली?"

"पेटेल. पण एक अडचण आहे. तुम्ही दोघीच आहात. एक गेली की उरते एकटी, आणि एकटीची भागीदारी होत नाही. कायद्याने फर्म तिथेच संपते. हे कलम खरं ठरायला किमान तिघी लागतील."

मी सगळी पाकिटं भरून आणली होती, पण माझं स्वतःचं नसणं त्यांतल्या कशातच धरलं नव्हतं. आणि ज्यांनी हे कलम लिहिलं, त्यांनी आम्हाला कधी न पाहता आमच्या नंतरच्या सकाळचा विचार करून ठेवला होता.

"तिसरी माझी सून," वहिनी म्हणाली. माझ्या मनात चटकन आलं, एका घरच्या दोघी आणि मी एकटी. ते तिने माझ्या तोंडावर वाचलं असावं. "तुझ्या अर्ध्याक हात लावचो नाय गो. माझ्या अर्ध्यातलो अर्धो तेका. आणि मोठा काय ठरवचा झाला तर तिघींचो होकार. मॅडम, ह्या बसता मा तुमच्या कागदात?"

"बसतं," वकीलबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. जी बाई मरण हा शब्द ऐकून जिना उतरून गेली होती, तिने घटकाभरात स्वतःच्या नंतरचं सगळं मांडून दिलं होतं. मी तिच्याकडे बघतच राहिले.

सह्यांच्या दिवशी सून थेट तळणावरून आली. केसांना तेलाचा वास, नखांत पीठ. सासूने पेन पुढे केलं. "घाल सही."

"आधी वाचू दे, आई," सून म्हणाली आणि खुर्ची उजेडाकडे ओढून पहिल्या पानापासून सुरुवात केली. आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हात मांडीवर ठेवून तिचं वाचून होईपर्यंत बसून राहिलो. मरणाच्या कलमाशी ती थांबली, सासूकडे एकदा पाहिलं, आणि पान उलटलं.

मग तिने सही केली. तिच्यानंतर आम्ही.