नवरीच्या खोलीतला चार्जर

"मॅडम, तुमच्या चार्जरमधनं धूर येतोय!"

नवरीची मावशी धावत सांगायला आली. कुंडलमधलं लग्न, मुहूर्ताला वीस मिनिटं. मी पलूसची फोटोग्राफर. बारा वर्षं लग्नांचे फोटो काढतेय. तरी चार्जर ठेवला होता कुठं? नवरीच्या खोलीत, तिच्या कपड्यांच्या बॅगेवर.

कंपनीचा चार्जर आदल्या दिवशी पडून फुटला होता. घाईत मोबाईलच्या दुकानातून 'युनिव्हर्सल' आणला. "सगळ्या बॅटऱ्यांना चालतो," दुकानदार म्हणाला. त्याचा हिरवा दिवा सारखा चालूच. मला वाटलं, तब्येत उत्तम दिसतेय.

कॅमेऱ्याची बॅटरी लिथियमची. ती भरली की चार्जरनं आपणहून थांबायचं असतं. हा थांबलाच नाही. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती.

नवरीचे वडील निवृत्त सुभेदार. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग आवाज टाकला, "कुनी हात लावायचा न्हाई! समदे भाईर! आवं भटजी, तुमी बी उठा!"

आचाऱ्याची सांडशी घेऊन त्यांनी बॅटरीसकट चार्जर उचलला आणि बाहेरच्या वाळूच्या ढिगात पुरला. पाहुण्यांनी ढिगाभोवती कडं करून मोबाईल काढले. मंडपात उरला एकटा नवरा.

माझ्याकडं आता कॅमेऱ्यातली एकच बॅटरी, तीही अर्धी. मी स्क्रीन बंद केला, फ्लॅश बंद केला. हार, अक्षता, मंगळसूत्र, सप्तपदी. बाकी काही नाही. मध्येच नवरीचे मामा आले.

"आमचा एक ग्रुप फोटो काढा की."

"मामा, पाठवणीपर्यंत ही जगली पाहिजे हो."

मामा घाबरले. "कोण?"

"बॅटरी!"

पाठवणीला सुभेदार लेकीला धरून हमसून हमसून रडले. तो फोटो निघाला आणि कॅमेरा बंद पडला. मामांचा ग्रुप राहिला तो राहिलाच.

पुढच्या आठवड्यात फोटो द्यायला त्यांच्या घरी गेले. तिथनं सांगलीला चार्जर घ्यायला निघाले, तर सुभेदार म्हणाले, "मी बी येतो." दुकानात त्यांनी चौकशीच मांडली. ह्याच मॉडेलच्या बॅटरीचा हाय का? भरल्यावर आपसूक थांबतो का? गरम किती होतो? मी बारा वर्षांत यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुकानदार घामाघूम झाला. "साहेब, तुम्ही फोटोग्राफर आहात का?"

"न्हाई गड्या," सुभेदार म्हणाले, "धाकटीचं लग्न हाय. अन् फोटोला हीच बाई हाय."