न ऐकता घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर

गल्लीत सगळे ज्याला भोंगेवाला म्हणत, तो स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस स्वभावाने वाईट नव्हता. फक्त साडूचं काही चांगलं झालं की त्याच्या पोटात दुखायचं. साडूचं चष्म्याचं दुकान. हौस म्हणून त्याने एक जुना रेकॉर्ड प्लेयर घेतला होता, तो ऑनलाइन विकला, आणि अशा चढ्या भावाने विकला की महिनाभर सासरी दुसरा विषय नाही. चष्मे पुसणाऱ्याने आवाजाच्या धंद्यात नाव कमवायचं आणि ज्याने अर्धं आयुष्य तारांना सोल्डरचे डाग देण्यात घालवलं त्याने वा वा करत बसायचं? भोंगेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून त्याने स्वतःचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढला. भंगारातून उचललेला, ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने गुंडाळलेला. बायको म्हणाली, "अहो, हा कशाला? जीव आहे तुमचा त्याच्यात."

"जीव राहू दे. भाव काय येतो ते बघ."

किंमत अर्थातच साडूच्या वर लावली. गिऱ्हाईक लगेच मिळालं, तेही घासाघीस न करता. भोंगेवाल्याच्या दुकानाचा एक नियम होता: वाजवून ऐकवल्याशिवाय वस्तू उंबऱ्याबाहेर जायची नाही. त्याने विचारलंही, ऐकायला कधी येता? "तुमच्यासारख्या कारागिरावर विश्वास आहे," असं उत्तर आलं. गडी विरघळला, नियम गेला बाजूला. दुसऱ्या दिवशी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि पाठोपाठ टेम्पोवाला दारात हजर.

खोकं बांधून झालं. टेम्पोवाल्याला जरा थांबायला सांगून भोंगेवाल्याने साडूला फोन लावला. एवढा आनंद एकट्याने कसा पचणार? भाव सांगितला, सावकाश, एकेक आकडा सुटा करून. पलीकडे शांतता. जळला, चांगलाच जळला, असं मनात म्हणत त्याने ती शांतता मजेत ऐकून घेतली.

"तो ऐकायला आला होता?" साडूने विचारलं.

"कशाला येईल? माझं काम माहीत आहे लोकांना."

"मेसेजवर जाऊ नकोस. बँकेचं अ‍ॅप उघड. खात्यात रक्कम दिसेपर्यंत खोकं हलवू नकोस."

"तुझ्या पोटात दुखतंय, सरळ सांग ना."

"माझावालाही ऐकायला आला नव्हता रे," साडू हळूच म्हणाला. "मेसेज आला, प्लेयर गेला, पैसे आलेच नाहीत. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून भाव सांगत फिरलो."

भोंगेवाल्याने अ‍ॅप उघडलं. खात्यात सकाळी होतं तेवढंच होतं. गिऱ्हाइकाला फोन लावला तर तो बंद. टेम्पोवाला बिचारा भाड्याने बोलावलेला. कुरकुरत रिकामा परत गेला.

बायकोने खोकं सोडलं, अ‍ॅम्प्लिफायर जागेवर ठेवला. भोंगेवाला स्टुलावर बसून साडूच्या फजितीवर हसायचा प्रयत्न करत होता. इतक्या वर्षांनी संधी आली होती, पण हसू येईना. आपल्याला प्लेयरच्या बाबतीत असा गंडा बसला असता आणि साडू असाच फुशारत फोनवर आला असता, तर आपण काय केलं असतं? "अभिनंदन" म्हणून फोन ठेवला असता. याबद्दल त्याला जराही शंका नव्हती.

साडूचा इतका हेवा त्याला आजवर कधीच वाटला नव्हता.