फाट्यावरची देवी

प्रजासत्ताक दिनाला कुडपणच्या शाळेत मला पुढच्या खुर्चीवर बसवतात आणि दरवर्षी गुरुजी सगळ्यांसमोर विचारतात, "लढाईत तुम्ही शत्रू किती मारले?" मी खरं ते सांगतो. एकही नाही. मी लष्करी पोलिसांत होतो. लढाईत आमची कंपनी रस्ता सांभाळायची. कुठली गाडी कधी सोडायची, कुठली अडवायची, कोणाकडं परवाना नाही, कोण वाट चुकल्याचं निमित्त करून भलत्याच पलटणीच्या पंगतीत जेवतोय, कोणाच्या सदऱ्याचं बटण तुटलंय. शत्रू आम्हाला ओळखत नव्हता, आणि आपलेच जवान आमची लाल टोपी दिसली की रस्ता बदलायचे. हे ऐकून गुरुजींचा चेहरा पडतो आणि टाळ्या जरा कमीच वाजतात.

सीमेवरच्या उंच डोंगरात आमच्या सहा जणांच्या चौकीकडं एक फाटा होता. वरचा रस्ता डोंगराच्या आडून आपल्या पुढच्या लष्करी ठाण्याकडं जायचा. खालचा थेट नदीत, कारण तिथला पूल उडवलेला होता. दारूगोळ्याचे ट्रक तिन्हीसांजेला दिवे न लावता यायचे, आणि समोरच्या शिखरावरून शत्रूला तो फाटा घरच्या अंगणासारखा दिसायचा. म्हणून दोन हुकूम होते. फाट्यावर गाडी थांबवायची नाही आणि तिथं शिपाई उभा करायचा नाही. आम्ही शंभर पावलं अलीकडं, खडकाआड. फाट्यावर फक्त एक लाकडी पाटी आणि तिच्यावर बाण. पाटी नसली तर ट्रक नदीत, इतका साधा हिशेब होता.

आणि ती पाटी रोज चोरीला जायची.

त्या उंचीवर झाड औषधालाही नव्हतं. मी येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची झडती घेतली, दोन पलटणींशी भांडलो, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता बघतो तर आमच्याच चुलीत अर्धा बाण जळतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमचा आचारी शांतपणे म्हणाला, "साहेब, तीन दिवस तुम्हीच म्हणताय ना, चहा फक्कड झालाय?" त्याला दम दिला, पण रस्त्यावरचे बाकीचेही तितकेच गुणी होते. पाटी जातच राहिली.

मग मला गाव आठवलं. आमच्या कुडपणला देवाच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला लावत नाही. पाहुण्यालाही सांगावं लागत नाही, शेंदूर फासलेला एक दगड पुरतो. चौकीतल्या मारुतीच्या तसबिरीपुढं शेंदराची पुडी होती. तेल आचाऱ्याकडून घेतलं. एक बरासा दगड शोधून पाटीच्या पायाशी बसवला, त्याला शेंदूर फासला, एक बोट पाटीलाही लावलं. दुसऱ्या दिवशी पाटी जागेवर. तिसऱ्या दिवशीही जागेवर. मी मिशीला पीळ देत हिंडत होतो.

आंबेनळी घाटाच्या शेजारी उभा जन्म गेलेल्या माणसानं एक गोष्ट विसरायला नको होती. घाटातल्या देवाला हात जोडल्याशिवाय ड्रायव्हर पुढं जात नाही.

चौथ्या संध्याकाळी पहिला ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, बूट काढले, हात जोडले. दुसऱ्यानं उदबत्ती लावली. तिसऱ्यानं "जय माताजी" म्हणत नारळ फोडला. तो नारळ तिथं कुठून आला हे मला आजतागायत कळलेलं नाही. मागं दारूगोळ्याच्या गाड्यांची रांग, तीही शत्रूच्या अंगणात. मी शिट्टी फुंकत धावलो, "थांबू नका! थांबू नका!" म्हणून घसा फोडला. सलग चार संध्याकाळी हाच तमाशा. शेवटी चौकीचे प्रमुख असलेल्या सुभेदारसाहेबांना बोलावून आणलं. त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "जागृत आहे का?"

सगळ्यात लांबलचक नमस्कार घालणारा ड्रायव्हर बोलण्यावरून आपल्याकडचा निघाला. दासगावचा. त्याला बाजूला घेऊन मी कानात सांगितलं, "गाववाल्या, देवीबिवी काय नाय रे. दगड हाय. मीच शेंदूर फासलाय."

"मग काय झालं?" तो म्हणाला. "आमच्या गावातल्या देवीला पन पयल्यांदा कोनीतरी फासलाच असंल ना?" आणि त्यानं दगडापुढं चिमूटभर साखर ठेवली.

मला हसू आलं आणि त्याच वेळी घामही फुटला. एखादा गोळा पडला तर ही सगळी माणसं माझ्या शहाणपणानं मरणार होती. दगड उचलून दरीत फेकायचा म्हटलं तर माझाच हात होईना. पहाटे धुक्यात तो काखोटीला मारला आणि दोन वळणं पुढं, डोंगराच्या आडोशाला नेऊन बसवला. तिथं खुशाल थांबा, आरती करा. फाट्यावरच्या पाटीवर लिहिलं, "माताजी आगे हैं", आणि वरच्या रस्त्याकडं शेंदराचा बाण. त्या दिवसापासून एकानंही फाट्यावर ब्रेक लावला नाही, आणि माताजींची पाटी जाळायची छाती कोणाची? लष्करी पोलिसानं देवीचीसुद्धा वाहतूक वळवली.

पाच-सहा दिवसांनी गोळे आलेच. पहिल्याच गोळ्यानं पाटी उडाली. खालून ट्रकांची घरघर ऐकू येत होती. पुढचे ड्रायव्हर नवे, त्यांना रस्ता ठाऊक नाही, आणि दुसरी पाटी लिहायला वेळ नाही. मी हुकूम मोडून फाट्यावर गेलो आणि वरच्या रस्त्याकडं हात लांब करून उभा राहिलो. त्यात शौर्य कसलं. सारखी आई आठवत होती. दोन गोळे नदीत पडले, एक बराच जवळ. ट्रक माझ्या हाताकडं बघत एकेक करून वर वळले.

शेवटचा ट्रक दासगावच्या गाववाल्याचा. त्याच जागी उभं राहून मी चार दिवस थांबू नका म्हणून ओरडलो होतो. आता त्याची गाडी जवळ आली तेव्हा मला अगदी आतून वाटलं, यानं थांबावं. काही बोलू नये, पण मिनिटभर थांबावं. त्यानं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं, मान हलवली, आणि माझाच हुकूम पाळून गाडी तशीच वर नेली.