हुरडा लिहिणाऱ्या पोरांची मास्तरीण

नसरीनवर अन्याय झाला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या सकाळी. अकोल्याच्या ज्या खासगी क्लासमध्ये ती जपानी शिकवायची, त्याच्या संचालकांनी पोरांदेखत तिच्या हातातला खडू काढून घेतला. कार्तिकात ती काविळीनं गेली, तर शोकसभेत पहिलं भाषण याच गृहस्थांचं. "हाडाची शिक्षिका..." मी उठून बाहेर आले. तिथं जे बोलले नाही ते इथं लिहिते.

आमची ओळख मूर्तिजापूरच्या स्टँडवरची. कापसाचा भाव बसला त्या वर्षांत मी हमीभावाची पत्रकं वाटत हिंडायची. एक वाचून ती म्हणाली, "भाव मिळालाच पायजे. पन तोवर पोरायनं काय करावं, हे काहून नाई लिवलं वं?" अचलपुरात तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान. खेड्यातली लग्नं लांबली, तशी नव्या गाद्यांची मागणीही गेली. मग ही पुण्यात खालाकडे राहून जपानी शिकून आली. अनुवादाचं काम गावात बसून करता येतं; ते तिला वऱ्हाडच्या पोरांच्या हाती द्यायचं होतं.

या लिपीत चिन्हं हजारोंनी. संचालकांची रीत एकच, गिरवा. नसरीन चिन्ह उसवायची, जुनी गादी उसवून रुई मोकळी करावी तसं. चौकटीत फुली म्हणजे शेत. त्याखाली ताकदीचं चिन्ह मांडलं की झाला पुरुष. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, निंदाले तर आमची माय जाते!" नसरीन हसली, "मंग जपानले पत्रक पाठव."

खांदमळणीच्या त्या सकाळी संचालकांनी न सांगता चाचणी घेतली, चिन्ह काढा आणि अर्थ लिहा. डावीकडे धान्य, उजवीकडे आग, 秋. अर्थ शरद ऋतू. अर्ध्या वर्गानं लिहिलं, हुरडा! धान्याला आग लागलेली पाहून वऱ्हाडातल्या पोराला दुसरं काय आठवणार? संचालक कडाडले, "ही भाषा आहे की टिंगल?" नसरीन शांतपणे म्हणाली, "सर, अर्थ चुकला, तो आत्ता दुरुस्त होईल. पन चिन्ह तर बगा, एकाचीबी रेघ चुकली नाई." त्यांनी पाहिलंच नाही, खडू काढून घेतला.

पुढं ती ओळखीच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर शिकवू लागली. गिरणी सुरू झाली की शिकवणं बंद. खोलीसाठी आम्ही किती दारं वाजवली... "बघू", "सांगतो", "जपानी कशाला?" जिवंतपणी खोली मिळाली नाही, मेल्यावर शोकसभेला अख्खा हॉल मिळाला, तोही फुकट.

पोरं अजून त्या ओट्यावर येतात. पुढं गेलेली दोघं मागच्यांना चिन्हं उसवून दाखवतात, पण कधी गिरणीचा पट्टा फिरतो आणि तोंडातलं तोंडात राहतं. असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत हा वर्ग मोडेल.

अकोल्यात तुमच्या ताब्यात शाळा असेल, वाचनालय असेल, समाजमंदिर असेल. रविवारी सकाळी ते कुलूपबंद असतं, हे आम्ही पाहून आलोय. आमच्याकडे हळहळ कळवू नका. या रविवारच्या आत किल्ली द्या.